मृतसाठ्यातली शिकार

मे महिना लागला की आमच्या बीड जिल्ह्यात माणसं वर्तमानपत्र उघडून आधी आतल्या पानावरचा धरणसाठ्याचा तक्ता बघतात, मग निधनवार्ता. दोन्हीकडे मजकूर साधारण सारखाच असतो. माजलगाव, उणे इतके टक्के. मांजरा, इतके. बिंदुसरा, निरंक. बाहेरगावचा माणूस हे वाचून चक्रावतो. पाणी कमी असू शकतं, नसूही शकतं. पण ते शून्याच्याही खाली कसं जाईल? त्याला समजावून सांगावं लागतं की धरणाच्या विमोचकाखाली जे पाणी उरतं ते आपल्या पायांनी कालव्यात उतरत नाही, म्हणून सरकारदरबारी ते मेलेलं असतं. त्याला मृतसाठा म्हणतात. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात काठोकाठ ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं ३१२ जिवंत आणि १४२ जन्मतःच मयत. जिवंत संपलं की मयतातून उचल सुरू होते आणि तक्त्यात उणे दहा, उणे वीस असे आकडे येऊ लागतात. आमची पोरं बाकी गणितात कच्ची असतील, पण ऋण संख्या त्यांना शाळेत शिकवाव्या लागत नाहीत.

गंमत अशी, की या मेलेल्या पाण्यात मासे मात्र जिवंत असतात. त्यांना कुणी तो शासन निर्णय वाचून दाखवलेला नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. पोरगा हिंजवडीत कामाला. गेल्या वर्षी लग्न झालं, रीतीप्रमाणे जोडी तुळजापूरला जाऊन आली, अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरून आली, आणि मग कुलाचारात नसलेलं तिसरं ठिकाण म्हणून ग्रीसला गेली. एजियन समुद्रात नॅक्सॉस नावाचं बेट आहे, तिथं. परत आल्यावर दोघांनी आम्हाला फोटो दाखवले. पांढरी घरं, निळं पाणी, पुन्हा पांढरी घरं, आणि टपरीवजा हॉटेलाबाहेर दोरीवर वाळत घातलेले आठ पायांचे प्राणी. आमच्या आईने त्या फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि "कुरडया लई काळ्या झाल्या त्यांच्या," एवढंच म्हणाली.

तिथं एका सकाळी कुणीतरी भाच्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरवून भाल्याने मासे मारायला शिकवलं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. डोळ्यांना काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, पायात रबरी पंख, हातात माणसाहून लांब दांडा. दांड्याच्या शेंड्याला तीन टोकं, बुडाला रबराचा फास. फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवायचा, दांडा ताणून मुठीत धरायचा, मासा समोर आला की मूठ सोडायची. हवेची टाकी पाठीला लावून किंवा अंधार पडल्यावर मारायचं नाही, असा तिकडे कायदा आहे; माशालाही थोडी संधी असावी म्हणून. भाच्याने तिथं काय मारलं हे विचारल्यावर तो "अनुभव महत्त्वाचा" असं म्हणाला, त्यावरून मी काय ते समजलो. पण दांडा त्याने विकत आणला होता. आणि अक्षय्यतृतीयेला आजोळी आला तो ते तीन टोकांचं प्रकरण गाडीच्या टपावर बांधूनच. वाटेत कुणी अडवलं नाही हे त्याचं नशीब. आमच्या जिल्ह्याचं नाव हत्यारांच्या बातम्यांत तसंही पुरेसं आलेलं आहे.

अंगणात दांडा उभा राहिल्याबरोबर आईने पदर सावरून हात जोडले. "परळीहून आणलास का रं?" तिला तो त्रिशूळ वाटला, आणि त्यात तिची काय चूक? ग्रीकांकडे त्रिशूळ समुद्राच्या देवाच्या हातात असतो, आमच्याकडे तो वैजनाथाचा. भाच्याने "आज्जी, हा मासे मारायचा भाला आहे," म्हटल्यावर तिने जोडलेले हात सोडले आणि कानांवर ठेवले. महादेवाच्या हत्याराने मासे! तेही या जिल्ह्यात, जिथं आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंबाला खुद्द मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. महादेव पार्वतीला गुपित सांगत बसले आणि माशाच्या पोटातल्या बाळाने हुंकार भरला, तेच पुढं आदिनाथांचे पट्टशिष्य झाले, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. "एखाद्याच्या पोटात कोण बसलेलं असंल, सांगता येतंय का?" असं आई म्हणाली. विचार करायला लावणारी शंका होती. घरातले बिनमाळकरी तेवढ्यापुरते गप्प बसले आणि मसाला काढायला उठले.

माळकरी आणि बिनमाळकरी अशा दोन पंगती आमच्याकडे घरोघर असतात. या बाबतीत ग्रीक फार वेगळे आहेत असं समजू नये. होमरच्या महाकाव्यांतले वीर समुद्रावर आयुष्य काढतात, पण जेवतात बैल आणि डुकरं. ओडिसियसचे लोक मासे धरायला बसतात ते शिधा संपून पोटाला चिमटा बसल्यावर. उलट त्याच काव्यात एका ठिकाणचे राक्षस ओडिसियसच्या खलाशांनाच माशांसारखे भाल्याने टोचून घरी नेतात. भाल्याच्या मासेमारीचं इतकं जुनं वर्णन आणि त्यात माणूस चुकीच्या बाजूला! हे मी भाच्याला सांगितलं. त्याने ते मोबाइलवर टिपून घेतलं. या पिढीला काहीही टोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही माजलगावच्या धरणाकडे निघालो.

आता इथं एक गोष्ट सांगतो. निळ्या समुद्राचे फोटो बघून लोक हळहळतात, "काय स्वच्छ पाणी!" ते पाणी स्वच्छ असतं कारण त्यात फारसं काही नसतं. भूमध्य समुद्राची पूर्वेची बाजू जगातल्या सर्वात गरीब पाण्यांपैकी आहे. तरंगतं शेवाळ नाही, सूक्ष्म जीव कमी, म्हणून ऊन खोल उतरतं आणि तळ दिसतो. नितळ पाणी म्हणजे उपाशी पाणी. मासा आला तर लांबून दिसतो, पण यायला तो असावा लागतो. आमच्याकडे सगळं उलटं. मेमधल्या सिंदफणेच्या पाण्यात गाळ, शेण, शेवाळ, किडे, गेल्या हंगामाचं खत, असं चारीठाव जेवण वाढलेलं असतं. मासे माजलेले असतात. फक्त दिसत नाहीत. तिकडे नजर आहे, मासा नाही. इकडे मासा आहे, नजर नाही. भाला या दोन्ही ठिकाणी सारखाच निरुपयोगी, हे माझं मत मी प्रवासात दोनदा मांडून पाहिलं.

धरणाच्या फुगवट्यात पोचलो तर फुगवटा कुठला, नुसता तळ उघडा पडलेला. मे महिन्यातलं धरण ज्याने पाहिलं नाही त्याला ही गर्दी कळणार नाही. पाणी जिथून हटलं तिथं गाळपेर झालेली, कलिंगडाचे वेल अजून हिरवे. त्याच्या खाली जेसीबी गाळ उपसतोय, ट्रॅक्टरांची रांग लागलेली. २०१७ साली सरकारने गाळमुक्त धरणाची योजना आणली तेव्हापासून हा तळ उन्हाळ्यात मोंढ्याइतका गजबजतो. त्याच्या खाली म्हशी. आणि म्हशींच्या पलीकडे एकदाचं पाणी.

काठावर मच्छीमार सोसायटीचे एक भोई काका जाळं सोडवत बसले होते. धरणातल्या माशांचा ठेका सोसायटीकडे असतो, आपण उठून गळ टाकावा असं नसतं, म्हणून त्यांना आधी विचारलं. त्यांचा मुलगा माझ्याकडे नववी-दहावीला होता, त्यामुळे ते मला सर म्हणतात. त्यांनी भाल्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मारू द्या की, सर. लागला तर किलोच्या भावानं घेऊन जावा." आणि जरा थांबून, "न्हाई लागला तरी घेऊनच जावा. माझ्याकडं हाय सकाळचा."

भाच्याने काळा रबरी पोशाख चढवला. तो थंड पाण्यात अंगाची ऊब टिकवण्यासाठी असतो. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि ऊब जिल्ह्यात कुठंच कमी नव्हती. तो काळाकुळकुळीत, ओला, नाकातून आवाज करत पाण्यात उतरला तेव्हा तिथल्या म्हशींनी माना वळवून बघितलं आणि आपल्यातलाच समजून जागा करून दिली. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. ट्रॅक्टरवाले उतरले. पाच मिनिटांत काठावर एवढी माणसं जमली की पाणी सुटण्याच्या बातमीलाही जमत नाहीत. त्यातल्या प्रत्येकाला भाल्याने मासे मारण्याची सगळी माहिती होती. "डावीकडं हो!" "हालू नको!" "आरं हाल की, झोपला का?" एकाने तर व्हिडिओ काढत समालोचनच सुरू केलं.

मुखवट्याबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगायला हवी, कारण मी विज्ञान शिकवतो. सपाट काचेतून पाण्याखाली बघितलं की वस्तू एकतृतीयांशाने मोठी आणि पाव हिश्शाने जवळ दिसते. म्हणजे मासेमारांच्या गप्पांतला मासा मोठा का असतो, याचा उलगडा झाला. निदान पहिल्या तिसऱ्या हिश्शाचा. बाकीची वाढ घरी येईपर्यंत होते. पण मोठं दिसायला आधी काहीतरी दिसावं लागतं. भाच्याने डोकं पाण्यात घातलं, बाहेर काढलं, काच पुसली, पुन्हा घातलं. "मामा, मला माझाच हात दिसत नाही." मी म्हटलं, हात आहे ना? मग ठीक.

शेवटी त्याने मुखवटा कपाळावर ढकलला आणि उभं राहून वरून मारायचं ठरवलं. एका बाजूला जुन्या बांधाचे दगड होते, तिथं पाणी जरा निवळलेलं. तिलापियाचे मासे तिथं घुटमळत होते. ही तिलापिया मूळची आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आली आणि आता धरणाधरणात तिचाच कारभार आहे. कटला, रोहू हेही आमचे नव्हेत, ते गंगेकडचे, बोटुकलीच्या रूपाने आणून सोडलेले. पाणीसुद्धा बरंचसं बाहेरचं. पैठणच्या नाथसागरातून १३२ किलोमीटर कालव्याने येतं, आणि त्याच्याबरोबर गोदावरीचे मासे फुकट प्रवास करतात. याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. १८६९ साली सुएझ कालवा झाला आणि त्यातून तांबड्या समुद्रातले मासे ग्रीसच्या किनाऱ्याला जाऊन राहिले. कालवा खणला की पाहुणे येणारच.

भाच्याने रबर ताणलं, नेम धरला, मूठ सोडली. भाला दगडावर आपटला. पुन्हा. पुन्हा. मासा दर वेळी बोटभर सरकायचा आणि तिथंच थांबायचा. हा अपमान भाल्याच्या हुकण्याहून मोठा होता.

मी वर्षानुवर्षं वर्गात वाटीत नाणं ठेवून, वर पाणी ओतून अपवर्तन शिकवत आलो. वरून सरळ बघितलं तर पाण्यातली वस्तू असते त्याच्या पाऊण खोलीवरच दिसते, तिरकं बघितलं तर आणखी वर. भाच्यालाही हे दहावीला होतं, त्यात त्याला चांगले गुण होते, आणि त्या गुणांवरच तो पुढं हिंजवडीपर्यंत गेला. भोई काकांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "दिसतोय तितं नसतोय त्यो. बोटभर खाली असतोय." झालं. दोन वाक्यांत प्रकरण संपलं. मला त्याला तीन तासिका लागतात, प्रयोगासकट.

लोक उगाच अर्जुनाचं उदाहरण देतात. अर्जुनाने जो मासा वेधला तो वर होता, हवेत, यंत्राला टांगलेला; खाली बघायचं होतं ते फक्त प्रतिबिंब. परावर्तन हा फार सभ्य नियम आहे, जितक्या कोनात आत तितक्याच कोनात बाहेर. तोच मासा द्रुपदाने पाण्यात सोडला असता, तेही सिंदफणेच्या, तर डोळा दिसायची गोष्ट दूर, द्रौपदीचं लग्न पुढच्या पावसाळ्यावर गेलं असतं.

बोटभर खालीचा मंत्र घेऊन भाच्याने पुढचा भाला मारला आणि तो खचकन रुतला. काठावर आरोळी उठली. वर काढला तर तिन्ही टोकांत युरियाची गोणी, अस्सल, पंचेचाळीस किलोची, रिकामी. समालोचकाने ती जाहीर केली. एका शेतकऱ्याने धुऊन घडी करून काखेत मारली. त्या दिवशी भाल्याने मिळवलेली उपयोगी वस्तू तेवढीच.

मग मरळ दिसला. दिसला म्हणजे श्वास घ्यायला वर आला. या माशाबद्दल मला आदर आहे. लांबट, गोलसर, डोकं थेट सापाचं, पाठ चिखलाच्या रंगाची. त्याला नुसते कल्ले पुरत नाहीत. मधूनमधून पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यावाच लागतो. त्यामुळे पाणी आटून घाण झालं की कटला, रोहू तडफडून मरतात आणि मरळ टिकतो. अगदीच आटलं तर ओल्या चिखलात पुरून घेतो आणि पावसाची वाट बघतो. पाणी गेलं म्हणून रडत बसत नाही, टँकर मागत नाही, कोयता घेऊन कारखान्याला जात नाही. धरणातल्या सगळ्या माशांत रहिवासी दाखला द्यायचा झाला तर मी यालाच देईन.

भाच्याने भाला उचलला तोच भोई काकांनी त्याचं मनगट धरलं. तो चकित झाला. काकांनी हनुवटीने दाखवलं. मरळाच्या पुढं पाण्यावर एक तांबूस डाग हलत होता, फुटभर रुंद. नीट बघितलं तर तो डाग म्हणजे शेकडो पिल्लं, काडीएवढी, सगळी मिळून खदखदत वर येत होती आणि एकदम खाली जात होती. ती वर आली की मरळ खालून त्यांच्याभोवती फिरायचा. एक तिलापिया जरा जवळ आली, तर त्याने असा हिसका दिला की पाणी फाटलं.

"लेकुरवाळं हाय ते," काका म्हणाले. "ह्याला मारत नसत्यात. मोठा नेला की बारकी तासाभरात खल्लास." मग हसून, "अन् मपलं पुढच्या सालचं दुकानबी."

काठावरची गर्दी पहिल्यांदाच गप्प होती. पण समालोचकाला ते फार वेळ जमलं नाही.

पुढं काका त्या दगडांपासून लांब, मांडीभर चिखलात शिरले. हातात काही नाही. पाय उचलायचा, टेकवायचा, थांबायचं. चेहरा आभाळाकडे, जणू कुणाचा फोन यायचाय. एका जागी थबकले, एक पाय रोवून धरला, मग सावकाश वाकून खांद्यापर्यंत हात चिखलात घातला आणि कल्ल्यांमागं पकड घालून दुसरा मरळ, चांगला हातभर लांब, उपसून वर काढला. लेकरं नसलेला. तो शेपटी आपटत होता, काकांच्या तोंडावर चिखल उडत होता आणि ते विडीबद्दल कुणालातरी ओरडून विचारत होते. भाच्याने विचारलं, "काका, पायाला कसं कळतं?" ते म्हणाले, "तुमच्या पायात ते बदकाचं हाय ना, त्यानं न्हाई कळायचं."

खरं तर या भागात मासेमारीचं शास्त्र नव्हतं असं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. त्यात राजाच्या करमणुकीच्या यादीत मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे: माशांच्या पस्तीसेक जाती, कुठला कुठं राहतो, कुणाला कसलं खाद्य घालून आधी लाडवायचं, गळ कसा टाकायचा. राजा स्वतः पाण्यात उतरत नसे. मला हा राजा फार समंजस वाटतो.

मरळ आम्ही किलोच्या भावानेच घेतला आणि तो भाव कटल्याच्या दुपटीच्या वर होता. भाच्याने घासाघीस केली नाही. मासा आणि भाला दोन्ही हातांत धरून फोटो मात्र काढला. त्यात काका नाहीत. तो फोटो त्याच संध्याकाळी जगभर गेला आणि त्याच्या नॅक्सॉसच्या गुरूने खाली टाळ्या वाजवल्याचं कळलं. समालोचकाचा व्हिडिओ मात्र आमच्या तालुक्यातच फिरला, पण इथं तो सगळ्यांनी बघितला.

घरी मासा स्वयंपाकघरात चालत नाही. परसात तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. आईने येसूर काढून दिला, तोंड फिरवून, आणि "तिखट कमी पडंल, आणखी घाल," असंही तोंड फिरवूनच सांगितलं. कांदा भाजून, काळा मसाला आणि येसूर लावून केलेलं मरळाचं लालजर्द कालवण आणि ज्वारीची कडक भाकरी यापुढं नॅक्सॉसचं काय असेल ते असो. भाचेसुनेने दोनदा वाढून घेतलं आणि ग्रीसमध्ये सगळं लिंबू पिळून, मिठाचं आणि सपक लागत होतं, हे इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सांगितलं. भाच्याने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तर वाचकहो, एक भाला विकणे आहे. तीन टोकांचा, परदेशी, एकदाच वापरलेला; सोबत मुखवटा, नळी आणि पायातले पंख. परसात शेवग्याच्या शेंगा काढायला उत्तम, खात्री करून घेतली आहे. काळा पोशाख कुणी फुकटही नेत नाही, तो गिऱ्हाइकाला बळजबरीने देण्यात येईल. किंमत समोरासमोर ठरवू. येताना माजलगावच्या रस्त्याने या, काकांकडून मासा घ्या, आणि पिल्लांसोबत असलेला मरळ कुणी विकायला बसला असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.